वाट कुणाला ठाऊक होती?

नववीच्या वर्गात इतिहासाच्या तासाला सरांनी एके दिवशी फळ्यावर दोन ओळी लिहिल्या. पहिली ओळ : १६६०, पन्हाळा ते विशाळगड, एक रात्र आणि एक दिवस. दुसरी ओळ : १७०२, विशाळगड ते पन्हाळा, अडतीस दिवस. दोन्ही ओळींच्या पुढे कंसात एकच शब्द होता, पावसाळा. मग खडू ठेवून, हात झटकून त्यांनी विचारले, "फरक कशाचा?"

मागच्या बाकावरून उत्तर आले, "भवानीमातेची कृपा." पुढच्या बाकावरच्या हुशार मुलींनी सांगितले, "सैन्य लहान होतं आणि मोठं होतं." सरांनी दोन्ही उत्तरे ऐकून घेतली. दुसऱ्याला अर्धे गुण दिले. तास संपल्याची घंटा झाली तेव्हा दारात उभे राहून म्हणाले, "वाट कुणाला ठाऊक होती, ते शोधा."

स्मरणिकेसाठी लेख मागवणारा निरोप आला तेव्हा मला हाच प्रश्न आठवला. आपली बॅच १९८१ ची. म्हणजे त्या तासाला आता पंचेचाळीसहून अधिक वर्षे झाली. या काळात मी नोकरी केली, निवृत्त झालो, आणि मधल्या सुट्ट्यांत आपल्या जिल्ह्यातल्या डोंगरवाटा जमतील तशा पायाखाली घातल्या. त्या वाटांचा थोडा इतिहास इथे सांगतो. शेवटी एक कबुलीही द्यायची आहे. ती इतकी वर्षे राहून गेली.

घाटावरचे गाव

कोल्हापूर हे वाटांमुळे वाढलेले गाव आहे, हे आपण शहरात राहून विसरतो. टाउन हॉलच्या म्युझियममधली ती काशाची छोटी मूर्ती आठवते? ग्रीक लोकांचा समुद्रदेव पोसायडन. आपल्याला रांगेने नेऊन दाखवली होती आणि आपण तिला पाहून हसलो होतो. ती पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरीच्या टेकाडात १९४५-४६ च्या सुमारास झालेल्या उत्खननात सापडली. समुद्रापासून इतक्या दूर, सह्याद्रीच्या अलीकडे समुद्राचा देव कसा आला? विमान नव्हते, रेल्वे नव्हती, गाडीरस्ता नव्हता. कोकणातल्या कुठल्या तरी बंदरात उतरून, कुणाच्या तरी डोक्यावरून नाही तर बैलाच्या पाठीवरून घाट चढूनच तो आला असणार.

कोकण आणि कोल्हापूर यांच्यामध्ये सह्याद्रीची भिंत आहे आणि त्या भिंतीला ठरावीक फटी आहेत. उत्तरेकडून मोजायचे तर आंबा, अणुस्कुरा, भुईबावडा, करूळ, फोंडा. राजापूर आणि खारेपाटण ही जुनी बंदरे. तिथून मीठ, नारळ, सुकी मासळी, परदेशी कापड वर यायचे आणि इकडून धान्य आणि गूळ खाली जायचा. वाहतूक लमाणांच्या बैलांची. भोज शिलाहाराने बाराव्या शतकाच्या अखेरीस पन्हाळा बळकट केला आणि आपली राजधानी तिथे नेली, ती हवा चांगली म्हणून नव्हे. पन्हाळ्यावरून या घाटांकडे जाणाऱ्या वाटांवर नजर राहते. विशाळगड, गगनगड, दाजीपूरजवळचा शिवगड हे सगळे घाटवाटांचे पहारेकरी. गड दिसतो म्हणून लक्षात राहतो, पण आधी वाट आली आणि मग गड, हा क्रम लक्षात ठेवला म्हणजे आपल्या जिल्ह्याचा निम्मा इतिहास सोपा होतो.

रान ज्याच्या बाजूने

या वाटांची पहिली मोठी गोष्ट शिवकाळाच्या दोनशे वर्षे आधीची आहे. १४५३ साली बहमनी सुलतानाचा सरदार मलिक-उत्-तुजार कोकण जिंकायला निघाला. शृंगारपूरचे शिर्के त्याच्या हाती लागले. फिरिश्त्याने लिहिलेली हकिकत अशी : शिर्क्यांनी त्याला सांगितले, की आधी माझा वैरी, खेळण्याचा शंकरराव मोरे, याचा बंदोबस्त करा, वाट मी दाखवतो. खेळणा म्हणजे आपला विशाळगड. पहिले दोन दिवस वाट रुंद आणि चांगली होती. तिसऱ्या दिवशी रान असे दाटले, की फौज एकाच्या मागे एक अशी पांगली. सरदार स्वतः आजारी. रात्री मोऱ्यांची माणसे रानातून उतरली आणि त्या फौजेतले फार थोडे परत गेले.

ज्याला हा धडा नीट समजला तो महमूद गवान. १४६९ नंतरच्या मोहिमेत तो वाटाड्यावर विसंबला नाही. त्याने खेळण्याभोवतीचे रान तोडायला आणि जाळायला माणसे लावली. पाऊस सुरू झाला तेव्हा कोल्हापुरात मुक्काम केला, पाऊस सरल्यावर परत गेला, आणि अखेर गड घेतला. त्याला कित्येक महिने लागले, पण वाट त्याने स्वतःची केली. रान ज्याच्या बाजूने असेल तो जिंकतो. ते आपल्या बाजूने नसेल तर तोडावे लागते, आणि तोडायला वेळ लागतो.

रामचंद्रपंत अमात्य बावडेकरांनी अठराव्या शतकाच्या सुरुवातीला आज्ञापत्र लिहिले. बावडा म्हणजे आपला गगनबावडा. त्यातले आंबा-फणसाची झाडे तोडू नयेत हे आपल्या पाठ्यपुस्तकांतून सगळ्यांना ठाऊक असते. पण दुर्गांच्या प्रकरणात वाटांविषयी जे म्हटले आहे ते मला अधिक चटका लावते. गडाला एकच दरवाजा असणे हा दोष, म्हणून दुसरा दरवाजा आणि चोरदिंड्या असाव्यात. गडावर जाणारी वाट सोपी असू नये. असेल तर ती मोडून तिथे झाडी वाढवावी आणि दुसरीकडून अवघड वाट काढावी. आज आपण रस्ता रुंद झाला की आनंद मानतो. त्या काळच्या राज्यकर्त्याला अवघड वाट ही संपत्ती वाटत होती, आणि त्या वाटेचे रान हे तिचे कुंपण.

एक रात्र, एक दिवस

आता सरांच्या फळ्यावरची पहिली ओळ. १६६० च्या मार्चपासून सिद्दी जौहरचा वेढा पन्हाळ्याला पडला होता. राजापूरच्या वखारीतून रेव्हिंग्टन आणि त्याचे इंग्रज सोबती लांब पल्ल्याचे तोफगोळे घेऊन घाट चढून वेढ्यात आले होते. त्यांनाही कुणीतरी वाट दाखवली असणारच. चार महिने झाले, पाऊस लागला, तरी वेढा उठेना. १२ जुलैच्या रात्री महाराज सुमारे सहाशे मावळ्यांसह राजदिंडीच्या बाजूने उतरले. नेबापूरचा शिवा काशीद महाराजांच्या वेशात दुसऱ्या पालखीत बसला आणि पकडला गेला. त्याने मिळवून दिलेल्या वेळात खरी पालखी मसाई पठाराच्या दिशेने पुढे गेली. सिद्दी मसूद पाठलागावर निघाला. घोडखिंडीशी बाजीप्रभू देशपांडे तीनशे माणसे घेऊन थांबले. महाराज विशाळगडाखालचा सुर्वे-दळवींचा वेढा फोडून गडावर पोहोचले. पुढचे आपल्याला पाठच आहे.

पाठ नसलेली गोष्ट वेगळी आहे. बाजीप्रभू हे हिरडस मावळातल्या बांदलांचे देशपांडे. सोबतची बांदल मंडळी तिकडचीच, म्हणजे आजच्या भोरकडची. पन्हाळ्यापासून विशाळगडापर्यंतचे रान त्यांच्या घरचे नव्हते. पठारावर पाऊस, धुके, ढगाआडचा चंद्र, खांद्यावर पालखी, आणि पायांखाली जांभ्याचा निसरडा सडा. मशाल पेटवायची सोय नाही. अशा रात्री परक्या मुलखातला माणूस, तो कितीही शूर असला तरी, शंभर पावले सरळ जाऊ शकत नाही. मी हे अनुभवाने सांगतो आहे, त्याकडे पुढे येतोच. वाट आधी हेरून ठेवलेली होती असे इतिहासकार मानतात, आणि ते खरेच असले पाहिजे. पण हेरलेली वाटसुद्धा रात्री दाखवायला जन्मापासून त्या वाटेने गुरे नेलेला माणूस लागतो. म्हाळुंग्याचा असेल, मांडलाईवाडीचा असेल, पांढरपाण्याचा असेल. तो पुढे होता, म्हणून मागचे सहाशे चालू शकले. त्याचे नाव कुठे नाही.

दुसरी ओळ १७०२ ची. औरंगजेबाने आदल्या वर्षी पन्हाळा घेतला आणि मग आंब्याच्या बाजूने खेळण्याला वेढा घातला. तोफा आणि तंबू न्यायला आधी रस्ता करावा लागला. परशुरामपंत प्रतिनिधींनी सहा महिने गड लढवला आणि जूनच्या सुरुवातीला रक्कम घेऊन खाली केला. बादशहाने गडाला सखरलाना असे नाव दिले आणि पाऊस सुरू होत असताना परतीला निघाला. जदुनाथ सरकारांनी तो प्रवास सविस्तर लिहिला आहे. विशाळगड ते पन्हाळा हे सुमारे तीस मैलांचे अंतर तोडायला अडतीस दिवस लागले. ओढ्यांना पूर, चिखलात रुतलेले हत्ती-उंट, भिजलेले धान्य. हिंदुस्थानातले सर्वांत मोठे सैन्य आपल्या शाहूवाडी-पन्हाळ्याच्या पावसाने महिनाभर अडवून धरले.

तुलना करताना न्यायाने वागायला हवे. सहाशे माणसे आणि चालतेबोलते शहर यांची बरोबरी होत नाही. पुढच्या बाकावरच्या मुलींचे अर्धे गुण रास्तच होते. पण उरलेले अर्धे गुण सरांच्या प्रश्नात आहेत. एकाच मुलखात, एकाच ऋतूत, एका बाजूला वाट दाखवणारा होता आणि दुसऱ्या बाजूला नव्हता. कोण दाखवणार होते? गावेच्या गावे रानात पळालेली होती.

वाटा ओस कशा पडल्या

१८४४ साली गडकऱ्यांनी बंड केले. सामानगड, भुदरगड आणि मग पन्हाळा. ते मोडल्यावर इंग्रजांनी पन्हाळ्याचे दरवाजे आणि तटबंदी पाडली. चार दरवाजा तेव्हाच गेला. पहारे उठले, गडकऱ्यांची वतने गेली, आणि गडवाटांवरून रोज जा-ये करणारी माणसे संपली. पुढे घाटांतून गाडीरस्ते झाले, १८९१ साली कोल्हापूरला रेल्वे आली आणि मालाचे तोंड कोकणाकडून मिरजेकडे वळले. लमाणांचे तांडे थांबले. वाटा उरल्या त्या गवळी-धनगरांना, मध काढणाऱ्यांना, हिरडा वेचणाऱ्यांना आणि देवाला जाणाऱ्यांना.

दक्षिणेला राधानगरीकडे गोष्ट जरा निराळी घडली. शाहू महाराजांनी भोगावतीवर धरण बांधायला घेतले, गाव वसवले, त्याला कन्येचे नाव दिले. त्यापलीकडचे दाजीपूरचे रान संस्थानची शिकार म्हणून राखलेले होते. राखले शिकारीसाठी, पण राखले म्हणून राहिले. १९५८ साली ते गव्यांचे अभयारण्य झाले, राज्यातले पहिले. १९८५ साली वाढवून ३५१ चौरस किलोमीटरचे राधानगरी अभयारण्य झाले, आणि २०१२ साली पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात कास, कोयना, चांदोलीबरोबर त्याचे नाव लागले. तिथल्या वाटांवर अंजनी, जांभूळ, हिरड्याची सावली आहे आणि मधूनच उघडे सडे. सड्यावर उन्हात आलो की डोळे दिपतात, परत रानात शिरलो की काही दिसत नाही. गवे मात्र दोन्हीकडून आपल्याला पाहत असतात.

श्रावण, १९७९

आता कबुली.

त्या तासानंतर दोन आठवड्यांनी सरांनी आपल्याला पन्हाळ्याला नेले. एसटीने पन्हाळा, तिथून चालत मसाई पठार, देवीच्या देवळात भाकरी-पिठले, आणि परत. दोन शिक्षक, बेचाळीस मुले. निघताना सरांनी एकच नियम सांगितला होता, पुढच्याची पाठ दिसली पाहिजे. पठारावर तेरडा फुलला होता, खडकांच्या खळग्यांत पाणी होते आणि वारा असा, की छत्र्या उलट्या होत होत्या.

आम्ही चौघे रांगेतून सटकलो. पांडवदऱ्याची लेणी इतरांच्या आधी शोधायची होती. वहीत पुस्तकातून उतरवून घेतलेला नकाशा होता आणि खिशात बिस्किटाचा पुडा. दहा मिनिटांत धुके उतरले. ज्यांनी मसाईचे धुके पाहिले आहे त्यांना सांगायला नको. आपला हात दिसतो, कोपर दिसत नाही. पठाराला ना झाड, ना खूण. आम्ही हाका मारल्या, वारा त्या उलट आमच्याच तोंडावर आणत होता. सरळ चालायचे ठरवले आणि तासाभराने आम्हीच टाकलेला बिस्किटाचा कागद पायाखाली आला. दुसऱ्यांदा तोच कागद आला तेव्हा चौघांपैकी एकजण रडायला लागला. तो मी होतो.

मग धुक्यातून आवाज आला, "हितंच ऱ्हावा! हलू नगासा!" घोंगडीची खोळ घेतलेला एक म्हातारा पुढे आला, मागे चार म्हशी. त्याने काठीने आमच्या पुढची जमीन दाखवली. पाच पावलांवर जमीन संपत होती. खालून नुसताच पाण्याचा आवाज येत होता. तो रागावला नाही. "म्हशीच्या मागनं चला," म्हणाला, "तिला घर ठावं हाय." आम्ही म्हशीच्या शेपटीवर नजर ठेवून चाललो. वाडीवर त्याच्या घरच्यांनी चुलीपुढे बसवले, गरम दूध दिले, कपडे वाळवले. तोवर अंधार झाला होता. त्याने कंदील घेतला आणि आम्हाला पन्हाळ्याला पोचवायला निघाला. तीन दरवाज्याशी पोचलो तेव्हा नऊ वाजले असतील. सर तिथे एकटेच उभे होते, भिजलेले. दुसऱ्या सरांबरोबर बाकीच्यांना त्यांनी पुढे पाठवले होते. सरांनी दहाची नोट काढली, ती म्हाताऱ्याने घेतली नाही. त्याची काडेपेटी भिजली होती, म्हणून सरांची काडेपेटी मात्र घेतली आणि तसाच परत फिरला. पुन्हा तेवढीच वाट, एकटा.

शाळेत चौकशी झाली. सरांनी सांगितले, "मीच त्यांना पुढची वाट बघायला पाठवलं होतं." त्यांना लेखी समज मिळाली. पुढच्या वर्षीपासून डोंगरातली सहल बंद होऊन ती बागेची आणि धरणाची झाली. तुमच्यापैकी अनेकांना तेव्हा प्रश्न पडला होता, की सरांनी चार पोरांना धुक्यात पाठवलेच कसे. काही पालक तसे बोललेही. आम्ही चौघे गप्प राहिलो. आधी भीतीने, नंतर सवयीने. उलट पुढे कित्येक गप्पांत मी ती गोष्ट "आम्ही वाट शोधून परत आलो" अशी सांगितली आहे.

चौघांतला एकजण अमेरिकेत आहे, एक गडहिंग्लजला दवाखाना चालवतो, एक आज आपल्यात नाही. पहिल्या दोघांना विचारूनच हे लिहितो आहे. सरांनी आम्हाला कुठेही पाठवले नव्हते. आम्ही पळालो होतो. सर, तुम्ही कार्यक्रमाला येणार असे कळले. हे तोंडी सांगायला जमले नसते, म्हणून छापून देतो आहे. माफी मागायला फार उशीर झाला आहे, तरी मागतो.

२०१९ साली मी ती वाडी शोधत गेलो. घरे पक्की झाली होती, दारात मोटारसायकली होत्या. एका आजीबाईंना सगळी हकिकत सांगितली आणि विचारले, ते कोण असतील? त्या हसल्या. "आमचं सासरं असतील, न्हाईतर चुलत सासरं," म्हणाल्या. "धुक्यात चुकल्याली माणसं सगळीच आणायची की. त्यात काय सांगायचं?" त्या घरात ती आठवणच नव्हती. ज्या गोष्टीने माझा जीव वाचला ती त्यांच्याकडे रोजच्या कामात जमा झाली होती. १६६० च्या त्या वाटाड्याचे नाव कागदावर का नाही, याचे उत्तर मला त्या ओसरीवर मिळाले. ते लपवलेले नाही, हरवलेलेही नाही. सांगण्यासारखे काही केले असे कुणाला वाटलेच नाही. आणि विचारायचे काम ज्यांचे होते, त्यांनी विचारले नाही. आम्हीही कंदिलाच्या उजेडात तासभर त्याच्यामागे चाललो आणि नाव विचारले नाही.

गड यादीत, वाट नाही

११ जुलै २०२५ ला मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना युनेस्कोचा जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. त्यात पन्हाळा आहे. आपण सगळ्यांनी एकमेकांना निरोप पाठवले, आनंद झाला. पण पन्हाळा ज्या गोष्टीसाठी घराघरात माहीत आहे, ती वाट कुठल्याच यादीत नाही. मसाई पठार, विशाळगड आणि पन्हाळ्याच्या परिसरातली राने गेल्या काही वर्षांत संवर्धन राखीव झाली, ही चांगली गोष्ट आहे. दर आषाढात हजारो मुले पन्हाळा ते पावनखिंड चालतात, हेही चांगले. पण वाटेचे तुकडे डांबराखाली गेले आहेत. पठारावर गाड्यांची चाके फिरतात तिथे पुढच्या वर्षी तेरडा उगवत नाही. राधानगरी-शाहूवाडीकडचे काही सडे बॉक्साइटसाठी खणले गेले. नेमकी घोडखिंड कोणती यावर अभ्यासकांत मतभेद आहेत, ते राहोत. पण मतभेदाला तरी वाट जागेवर असायला हवी. आणि वाट दाखवणाऱ्या वाड्यांतली तरुण पोरे कामासाठी पुण्याला गेली आहेत. वाट पाय पडत राहिले तरच टिकते. पाय थांबले की दोन पावसाळ्यांत कारवी ती गिळते.

आपल्या गुडघ्यांसाठी

मेळाव्याच्या दुसऱ्या दिवशी एकत्र चालायला जावे असे काहींनी सुचवले आहे. साठीच्या गुडघ्यांना झेपेल असे चार पर्याय मांडतो.

सर्वांत सोपी म्हणजे पन्हाळ्याच्या तटाची फेरी, पुसाटी बुरूज ते तीन दरवाजा ते अंधारबाव. सगळा घेर सुमारे साडेचार मैलांचा आहे, पण दमलो तिथे चहा मिळतो. दुसरी जोतिबाची, गायमुखाकडून पायऱ्यांनी. आपल्या आया-आज्या ही वाट अनवाणी चढल्या आहेत, त्यामुळे तक्रारीला वाव नाही. तिसरी दाजीपूरच्या रानातली. चढ फार नाही पण लांबी आहे. ती पावसाळ्यात बंद असते आणि वाटाड्याशिवाय सोडत नाहीत, हे मला फार योग्य वाटते. चौथी पन्हाळा ते पावनखिंड, साधारण पन्नास किलोमीटर, दोन दिवस, मधे एक मुक्काम. पुढे विशाळगडापर्यंत आणखी दहा-बारा. ही आपल्यापैकी पाच-सहा जणांना जमेल. ज्यांना जमेल त्यांनी जरूर करावी. खिंडीतून निघालेले पाणी कासारीला मिळते आणि कासारीतून आपल्या पंचगंगेच्या घाटावर येते. म्हणजे दोन दिवस आपण नदीच्या उलट घरून निघून तिच्या उगमाकडे चालत असतो.

पण माझी सूचना पाचवी आहे. पन्हाळ्यावरून मसाई पठार, देवीचे देऊळ, आणि परत. दोन-अडीच तास जायला, तेवढेच यायला. बेचाळिसातले जेवढे उरलो आहोत तेवढे. ज्यांना चालवत नाही त्यांच्यासाठी पठारापर्यंत गाडी जाते, तिथे भेटू. सरांना गाडीने आणायची जबाबदारी माझी. पुढच्याची पाठ दिसली पाहिजे, हा नियम या वेळी मी पाळेन.

देवळातले जेवण उरकले की वाडीवर जाऊ. त्या आजीबाई अजून आहेत, मी चौकशी केली आहे. त्यांच्या सासऱ्यांचे आणि चुलत सासऱ्यांचे, दोघांचेही नाव विचारून घेऊ. दोघांपैकी नेमके कोण हे कळणार नाही, पण दोन्ही नावे लिहून ठेवता येतील. वही मी आणतो. काठी आणि पाणी प्रत्येकाने आपापले आणावे.